इंदुरात फॅमिली थेरपी सुरू करायची असेल तर

हल्ली ओळखीतल्या बायकांचे फोन येतात, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, कुठूनही, आणि पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, अगं मुलाला कुणाला तरी दाखवायचंय, किंवा सासूबाईंना दाखवायचंय, किंवा ह्यांना. दाखवायचंय म्हणजे त्या एका माणसाला न्यायचं, आत सोडायचं, आपण बाहेर बाकावर बसायचं आणि तासाभराने तो सुधारून बाहेर यायचा. मी प्रत्येकीला हेच सांगते की बाहेर बसू नकोस, तूही आत जा, आणि जमलं तर घरातल्या बाकीच्यांनाही घेऊन जा. त्रास एकाच माणसात दिसतो हे खरं, पण तो रोज सगळ्यांच्या बोलण्यातून, गप्प बसण्यातून, मध्ये पडण्यातून चालू राहतो, आणि फॅमिली थेरपीत काम तिथेच होतं. आमच्या घरी मुलगा बारावीत असताना हे सगळं करून झालं, त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं, दोन-तीन कार्यशाळा केल्या, म्हणून आता सविस्तर लिहिते, फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं.

आधी कधी जायचं ते. भांडण फार मोठं असायलाच हवं असं काही नाही. मुलगा भंवरकुआंच्या कोचिंगला जातो सांगून जातच नाहीये, नवीन सून आल्यापासून स्वयंपाकघरात कुणी कुणाशी धड बोलत नाही, बाबांना पॅरालिसिस झाला आणि आता कुणी बघायचं यावरून भावाभावांत कटुता आली, रिटायर झाल्यावर नवरा दिवसभर घरात आणि दोघांनाही एकमेकांचं अस्तित्व टोचतंय, किंवा नवरा-बायकोने वेगळं व्हायचं ठरवलंय आणि मुलांना कसं सांगायचं कळत नाहीये. यातलं काहीही असो, घरातल्या घरात दोन-चार वेळा बोलून बघितलं आणि दर वेळी गाडी त्याच ठिकाणी येऊन अडली, तर बाहेरचं माणूस लागतं.

दुसरा एक प्रसंग असतो, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा डिप्रेशनसारखा आजार आहे आणि औषधं चालू आहेत. तिथे फॅमिली थेरपी औषधाच्या जोडीने करायची, औषध बंद करून नाही, हे आधीच पक्कं लक्षात ठेवा. १९६० च्या आसपास लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधून घरी गेलेले पेशंट परत का आजारी पडतात ते बघायला सुरुवात केली, तेव्हा असं दिसलं की ज्या घरात पेशंटवर सतत टीका होते, त्याचा राग राग होतो, किंवा उलट काळजीपोटी त्याला श्वास घ्यायलाही जागा ठेवत नाहीत, त्या घरात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे 'तू किती वेळ झोपतोस' जितकं जड, तितकंच 'तू काही करू नकोस, मी भरवते' हेही जड. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा अजिबात नाही, आधीच थकलेल्या आईवर कृपया तो आरोप कुणी ठेवू नका. अर्थ एवढाच की घरच्यांना आजार नीट समजला आणि बोलण्याची पद्धत बदलली की पेशंट जास्त काळ बरा राहतो, आणि हे नंतर बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

आता अपॉइंटमेंट घेण्याच्या आधी घरी करायचं एक काम आहे आणि मला विचाराल तर हे सगळ्यात उपयोगाचं आहे. एक कागद घ्या आणि मागच्या आठवड्यातलं एक भांडण, एकच, गोल फिरत कसं गेलं ते लिहून काढा. कोण बरोबर ते लिहायचं नाही, कुणी काय केलं आणि त्यानंतर कुणी काय केलं एवढंच. आमचं असं निघालं होतं: मुलगा फोन घेऊन पडलाय, मी दारातून विचारते झाला का फिजिक्सचा चॅप्टर, तो हं म्हणतो, मी जरा आवाज चढवून परत विचारते, तो दार लावून घेतो, मी ह्यांच्याकडे जाते की तुम्ही कधी काही बोलतच नाही, हे ऑफिसातून दमून आलेले, उठतात आणि दारावर थाप मारून ओरडतात, सासूबाई बाहेर येतात की पोराच्या जिवावर का उठून राहिले, मग माय-लेकाचं वाजतं, मी स्वयंपाकघरात जाऊन रडते आणि मुलगा आत फोनमध्ये अजून खोल जातो. दुसऱ्या दिवशी मला काळजी अजून वाढलेली म्हणून मी अजून लवकर विचारते. बाण काढत गेलं की शेवटचा बाण पहिल्यालाच येऊन मिळतो. सुरुवात कुणी केली याचं उत्तर या कागदावर सापडतच नाही, कारण प्रत्येकाला वाटतं मी तर फक्त समोरच्याच्या वागण्याला उत्तर दिलं. हा कागद घेऊन जा, थेरपिस्टचा बराच वेळ वाचतो.

त्याच कागदाच्या मागे तीन पिढ्यांचा नकाशा काढला तर आणखी चांगलं. आजी-आजोबा, त्यांची मुलं, नातवंडं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, कोण कुणाच्या फार जवळ तिथे दुहेरी रेघ, कुणाचं वाकडं तिथे नागमोडी रेघ, आणि बाजूला कोण कधी गेलं, कुणी घर सोडलं, कुणाला दारू होती, कुणाचा मानसिक आजार कधी कुणी बोललंच नाही, जमिनीवरून कोण कुणाशी बोलेनासं झालं. याला जेनोग्राम म्हणतात, आणि मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाच्या कामातून तो पुढे आला. त्याने १९५० च्या दशकात पेशंटबरोबर त्यांची कुटुंबंही हॉस्पिटलात राहायला घेतली होती आणि दिवसच्या दिवस बघितलं होतं की दोन माणसांतला ताण वाढला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. वर आमच्या भांडणात बघा ना, माझा आणि मुलाचा ताण, मध्ये हे, ह्यांचा आणि मुलाचा ताण, मध्ये सासूबाई. असे त्रिकोण एकदा दिसायला लागले की सगळीकडे दिसतात.

आता अवघड भाग, घरच्यांना तयार करणं. 'आम्ही काय वेडे होऊन राहिलो का' आणि 'घरची बात चव्हाट्यावर न्यायची नाही', ही दोन उत्तरं तयारच असतात. माझं म्हणणं, भांडण चालू असताना विषय काढूच नका, तेव्हा ती धमकी वाटते. सगळ्यात आधी घरातल्या मोठ्यांना सांगा, एकेकट्यांना, सासऱ्यांना किंवा आजींना शेवटी कळलं की अर्धी लढाई तिथेच हरली, कारण मग मुद्दा थेरपीचा न राहता मला विचारलं नाही याचा होतो. आणि बोलताना 'तुम्हाला गरज आहे' असं चुकूनही नको. 'बाबा, मला घरात खूप त्रास होतोय, मला मदत हवीय आणि तुमच्याशिवाय ती अर्धी राहील, तुम्ही तीन वेळा या, नाही पटलं तर परत म्हणणार नाही' असं म्हणा. तीन वेळा म्हटलं की माणसं तयार होतात, कायमचं म्हटलं की घाबरतात. जुन्या पिढीवर फॅमिली डॉक्टरच्या शब्दाचं वजन फार असतं, वीस-पंचवीस वर्षं बीपी बघणारे डॉक्टर असतील तर त्यांना आधी भेटून सगळं सांगा आणि त्यांनाच सुचवायला लावा.

हे परदेशी खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना डॉ. विद्यासागर यांच्याबद्दल सांगा. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयाच्या आवारात त्यांनी तंबू लावून पेशंटच्या नातेवाईकांना राहायला जागा दिली, कारण घरच्यांनी बरोबर राहून आजार समजून घेतला की पेशंट लवकर सावरतो आणि घरी परतही लवकर जातो हे त्यांना दिसत होतं. पुढे वेल्लोरमध्ये आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतही कुटुंबाला बरोबर घेऊन उपचार झाले. घरच्यांनी मिळून आजारी माणसाला सांभाळणं आपल्याकडे नवीन थोडीच आहे.

वयात आलेल्या मुलांशी मात्र वेगळं बोलावं लागतं. करिअर काउन्सेलिंग आहे असं खोटं सांगून नेऊ नका, दारात कळतं आणि त्यानंतर तो महिनाभर तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. सरळ सांगा की आम्ही सगळे जातोय, तुझ्या एकट्यासाठी नाही, तिथे तुला बोलायचं नसेल तर नुसतं बसलास तरी चालेल. आणि तो बसला तर बसू द्या, कोपराने ढोसू नका.

कुणीच येत नाही म्हणाले तर? एकटीने जा. एका माणसाबरोबरही कुटुंबाचं काम करता येतं, कारण त्या गोल कागदावरचा आपला स्वतःचा बाण तरी आपल्या हातात असतोच, आणि एक बाण बदलला की पुढच्याला आपलं नेहमीचं उत्तर देता येत नाही. वेळ जास्त लागतो, पण बऱ्याच घरात बाकीचे मागून येतात, नक्की काय चाललंय या उत्सुकतेनेच का होईना.

कुणाकडे जायचं यात घाई करू नका. काउन्सेलर अशी पाटी बऱ्याच ठिकाणी दिसते, त्यामुळे शिक्षण विचारायला अजिबात संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, ती नंबरसकट तपासता येते. सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मानसिक आजाराचे पेशंट आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करायला शिकलेले समाजसेवक, तेही या कामात चांगले तयार असतात, आपल्याकडे लोकांना ते माहीतच नसतात. विचारायचं ते असं: कुटुंबांबरोबर काम करायचं ट्रेनिंग कुठे घेतलं, एका सेशनमध्ये किती जणांना बसवता, किती वेळ, फी माणशी का सेशनची, आणि मधल्या काळात कुणी एकट्याने फोन केला तर ते बाकीच्यांना सांगणार की नाही. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. काही थेरपिस्ट आधीच सांगतात की एकट्याने सांगितलेलं गुपित मी धरून बसणार नाही, काही म्हणतात ठेवीन, नियम कुठलाही असो तो पहिल्या दिवशी सगळ्यांना माहीत हवा. पैशाची अडचण असेल तर बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेलं, नाव ऐकून दचकायचं काही कारण नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट.

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. आपला समाज लहान आहे, गणेशोत्सवाच्या मांडवात सगळे एकमेकांना भेटतात, म्हणून नात्यातला, मंडळातला, नवऱ्याच्या मित्राची बायको असलेला थेरपिस्ट घेऊ नका, कितीही चांगला असला तरी. दुसरं भाषेचं. थेरपिस्ट बहुतेक हिंदी बोलणारे मिळतात, नातवाला हिंदीच सोपी जाते, आजींनाही हिंदी येते पण त्या रागावतात मराठीत आणि रडतातही मराठीत. तेव्हा त्यांना सांगा की तुम्ही मराठीतच बोला, आणि ते थेरपिस्टपर्यंत पोचवायचं काम सुनेकडे देऊ नका, दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, नाहीतर दोघींचंच भांडण असेल तर ते कठीण होतं.

पहिल्या सेशनमध्ये काय होतं याची लोकांना फार भीती असते. साधारण तास-दीड तास, सगळे गोलात बसतात, आणि कोण कुणाच्या शेजारी बसलं, मुलगा कुणाच्या तोंडाकडे बघून उत्तर देतो, हे थेरपिस्ट गुपचूप टिपत असतात. प्रत्येकाला विचारतात की तुमच्या मते घरात काय बदललं तर बरं वाटेल. मग असे प्रश्न येतात जे आपण घरात कधी विचारतच नाही. आमच्याकडे मुलाला विचारलं, आई-बाबांचं वाजलं की आजी काय करतात? तो म्हणाला, टीव्हीचा आवाज वाढवते. आम्हाला वाटायचं त्यांना मालिका ऐकू येत नाही. सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, माझ्या छातीत धडधडतं रे, तुमचं ऐकलं की. इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एकाला दुसऱ्या दोघांबद्दल विचारायचं, ही पद्धत इटलीतल्या मिलानच्या थेरपिस्टांनी रुळवली, आणि तिचा फायदा हा की कुणालाच स्वतःची बाजू मांडायला कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटत नाही.

तिथे बोलताना 'हा कधीच ऐकत नाही' असं थेरपिस्टकडे बघून सांगायच्या ऐवजी त्या माणसाकडे वळून 'तू दार लावलंस की मला भीती वाटते' असं म्हणा, कठीण जातं पण सवय होते. जुन्या तक्रारींची यादी एका दिवसात वाचून संपवू नका. आणि थेरपिस्ट कोण बरोबर ते सांगणार नाहीत, ती अपेक्षा घरीच ठेवून जा. परत येताना गाडीत तोच विषय तर अजिबात नको, सरळ छप्पन दुकानला, आपल्या खाऊगल्लीत, जाऊन काही खा आणि घरी या.

दुसऱ्या-तिसऱ्या सेशननंतर घरात वातावरण जरा जास्तच तापतं, जे झाकून ठेवलेलं होतं ते वर येतं. बरेच लोक इथेच सोडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण काम खरं इथून पुढे सुरू होतं. थेरपिस्टला फोन करून सांगा की घरी असं होतंय, त्यांना ते नवीन नसतं.

घरी करायला छोटी कामं देतात. आम्हाला दिलेली अशी होती की अभ्यासाबद्दल मी रात्रीच्या जेवणानंतर एकदाच विचारायचं, तेही खोलीत जाऊन, शेजारी बसून, दारातून नाही. ह्यांनी मुलाबरोबर रोज थोडं चालायला जायचं आणि त्यात पेपर, मार्क, जेईई हे शब्द काढायचे नाहीत. सासूबाईंनी भांडण चालू असताना मध्ये यायचं नाही, पण नंतर मुलाला, म्हणजे ह्यांना, एकट्याला गाठून जे वाटेल ते सुनवायचं. त्यांना हे फार आवडलं. फिलाडेल्फियात काम केलेले साल्वाडोर मिनुचिन म्हणायचे की घरात आई-बाप आणि मुलं यांच्यामध्ये एक रेघ हवी, फार जाडही नको आणि पुसूनही जायला नको, आणि आपल्या तीन पिढ्यांच्या घरात ती रेघ दोन ठिकाणी लागते. आजीला बाजूला सारायचं नसतं, तिची जागा कुठली ते नक्की करायचं असतं. एकत्र कुटुंब मोडायला सांगतात ही भीती कुणाला असेल तर ती काढून टाका, चांगला थेरपिस्ट असं करत नाही.

पुण्या-बेंगळुरूला असलेला भाऊ किंवा बहीण फोनवरून घरातले निर्णय फिरवत असेल तर त्यांनाही घ्या, व्हिडिओवर चालतं. फक्त त्यांनी एका जागी बसून, एकट्याने, कॅमेरा चालू ठेवून यायचं, गाडी चालवताना नाही आणि ऑफिसच्या कँटीनमधून तर नाहीच.

आता कुठे हे करायचं नाही ते नीट वाचा. घरात मारहाण होत असेल, किंवा सेशनमध्ये बोललेल्या शब्दाचा हिशोब घरी गेल्यावर चुकता होईल अशी भीती असेल, तर एकत्र बसायचं नाही. थेरपिस्टला एकट्याने भेटून आधी हे सांगा. आधी सुरक्षितता, १८१ महिला हेल्पलाइन आहे, ताबडतोब धोका असेल तर ११२, आणि २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे, त्याखाली संरक्षण मागता येतं. 'सगळं जुळवून घे' सांगणारा काउन्सेलर अशा वेळी बदला. कुणी मरायच्या गोष्टी बोलत असेल तर पुढच्या बुधवारच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट किंवा हॉस्पिटल गाठा. दारू पिऊन येणाऱ्याबरोबर सेशन होत नाही, व्यसनाचा उपचार आधी किंवा बरोबरीने. आणि फॅमिली कोर्टातलं काउन्सेलिंग वेगळं, ते १९८४ च्या कायद्याप्रमाणे केस चालू झाल्यावर समेटाचा प्रयत्न म्हणून असतं, त्याला थेरपी समजून निराश होऊ नका.

फरक पडतोय की नाही हे भांडणं थांबली का यावरून बघू नका, ती थांबत नाहीत. भांडण लवकर मिटतंय का, कुणी नेहमीचं उत्तर न देता वेगळं काही केलं का, मुलाने आपणहून एखादी गोष्ट सांगितली का, ते बघा. चार-पाच सेशन झाल्यावरही घरातल्या एकाच माणसाला दर वेळी कोंडीत पकडल्यासारखं वाटत असेल तर तिथेच तोंडावर सांगा, आणि त्यानंतरही तसंच चाललं तर थेरपिस्ट बदला. बऱ्याच कुटुंबांना आठ-दहा सेशन पुरतात, आधी आठ-पंधरा दिवसांनी, मग महिन्याने.

मध्येच कुणी यायचं थांबवलं, आणि कुणीतरी थांबवतंच, तर ती तारीख रद्द करू नका. जे तयार आहेत त्यांनी जा, आणि घरी आल्यावर जो आला नाही त्याला चहा देता देता सांगा की आज काय बोलणं झालं आणि आपण काय करून बघायचं ठरवलं. तू का आला नाहीस हे विचारू नका. पुढची तारीख सांगा आणि सोडून द्या.